तीन गावांची बोअरवेल आणि एक लॅपटॉप : आफ्रिकेतल्या वर्गांतलं मुक्त गणित-सॉफ्टवेअर

सागवान

नमस्कार मंडळी. गेली चार वर्षं मी पश्चिम केनियात, किसुमूजवळ राहतो. पोटापाण्याचा धंदा सौर पंप बसवण्याचा. शनिवारची सकाळ मात्र एका माध्यमिक शाळेच्या गणित मंडळासाठी राखून ठेवली आहे. हा धागा त्या शनिवारांबद्दल.

शाळा पत्र्याच्या छपराची. मंडळाला येणारी मुलंमुली ६२. लॅपटॉप एक, तोही कुणीतरी वापरून दिलेला. त्यावर मी जिओजेब्रा टाकून नेलं होतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : ऑस्ट्रियात साल्झबुर्ग विद्यापीठात शिकत असताना मार्कुस होहेनवार्टर यांनी हे सॉफ्टवेअर करायला घेतलं. बिंदू, रेषा, वर्तुळं काढायची आणि बिंदू धरून ओढायचे. सगळी आकृती हलत असताना जे तसंच राहतं, तिथे प्रमेय लपलेलं असतं.

पहिला शनिवार वाया गेला. प्रोजेक्टर मागून आणला, खिडक्यांना लेसो (इथल्या बायकांचं छापील वस्त्र) बांधून अंधार केला आणि तासभर मी एकटाच माउस फिरवत बसलो. मुलं मन लावून आकृत्या वहीत उतरवत होती. शेवटी तिथल्या गणिताच्या सरांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, मुलांनी आज छान चित्रपट पाहिला, पण गणित फक्त तुम्ही केलंत.

ते बोलणं मनाला लागलं. पुढच्या शनिवारी लॅपटॉप पहिला पाऊण तास पिशवीतून काढलाच नाही. फळ्यावर प्रश्न लिहिला : तीन गावं आहेत. अ (०, ०) वर, ब (८, ०) वर, क (३, १) वर. अंतरं किलोमीटरमध्ये. तिघांना मिळून एकच बोअरवेल मिळणार आहे. कुठे खणाल? इकडे पाण्याचा प्रश्न कुणाला समजावून सांगावा लागत नाही. वर्गातल्या निम्म्या मुली सकाळी पिवळा कॅन डोक्यावर घेऊन पाणी आणून मग शाळेत येतात.

बहुतेकांचं उत्तर एकच : तिघांपासून सारख्या अंतरावर. न्याय्य वाटतं ना? मग कंपास-पट्टी घेऊन लंबदुभाजक काढले. छेदनबिंदू सापडेना, कारण तो वहीच्या कागदावर मावतच नव्हता. तेव्हा लॅपटॉप उघडला. एका मुलीने पडद्यावरची आकृती लहान करत करत बिंदू शोधून काढला : (४, −७). तिन्ही गावांपासून अंतर सारखंच, पण प्रत्येकाला ८.०६ किलोमीटर! न्याय झाला आणि पाणी सगळ्यांनाच दूर गेलं. वर्गात असा काही गलका उठला की शेजारच्या खोलीतले सर बघायला आले.

मग मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, अ आणि ब यांच्या बरोबर मध्ये खणा. (४, ० ). तिथून अ आणि ब ४ किलोमीटरवर, क तर १.४ वर. कुणालाच ४ पेक्षा जास्त चालावं लागत नाही. त्यावर एका मुलीने विचारलं, सगळ्यांचं मिळून चालणं सर्वांत कमी कुठे होईल? एक सुटा बिंदू घेतला, त्याच्यापासून तिन्ही अंतरांची बेरीज पडद्याच्या कोपऱ्यात मांडली आणि एकेक जण येऊन बिंदू ओढू लागला. मध्यबिंदूवर बेरीज ९.४१. सरकवत सरकवत आकडा उतरत गेला आणि ८.२६ वर थांबला. बिंदू क गावावरच जाऊन बसला होता.

सारखं अंतर, सर्वांत दूरच्याला कमी अंतर, सर्वांना मिळून कमी अंतर. एकाच त्रिकोणात न्यायाच्या तीन व्याख्या आणि तीन वेगळे बिंदू. हे त्या मुलांनी शोधलं, मी फक्त बघत होतो.

तुमच्यापैकी कुणी आफ्रिकेत किंवा आपल्याकडे असं काही करत असेल तर लिहा. इंटरनेटशिवाय काय चालतं, शिक्षकांच्या हातात काय टिकतं, हे मला जाणून घ्यायचं आहे.

अक्षवृत्त

लेख फार आवडला. एक मुद्दा मात्र स्पष्ट व्हावा असं वाटतं. शीर्षकात तुम्ही 'मुक्त' म्हटलंय, पण फुकट आणि मुक्त यांत फरक आहे. जिओजेब्राचा स्रोत (मूळ प्रोग्रॅम) खुला असला तरी तयार सॉफ्टवेअर बिगरव्यावसायिक वापरापुरतंच मोफत आहे. २०२१ मध्ये ते आपल्या बायजूज कंपनीने विकत घेतलं. उद्या मालकाने अटी बदलल्या तर तुमच्या शाळेने काय करायचं?

पूर्ण मुक्त हवं असेल तर पर्याय आहेत. बीजगणित आणि कलनासाठी मॅक्सिमा. १९६० च्या दशकात एमआयटीत सुरू झालेल्या मॅकसिमाचा हा वारस. विल्यम शेल्टर यांनी तो वर्षानुवर्षं एकट्याने सांभाळला आणि १९९८ मध्ये जीपीएल या मुक्त परवान्याखाली खुला करण्याची परवानगी मिळवली. आकडेमोडीसाठी ऑक्टेव्ह. आणि हे सगळं एका छत्राखाली आणणारं सेज, जे विल्यम स्टाइन यांनी २००५ मध्ये सुरू केलं.

आपल्या आयआयटी मुंबईचा फॉसी प्रकल्पही याच वाटेवरचा. तिथल्याच स्पोकन ट्युटोरियलचे छोटे व्हिडिओ मराठीतही ऐकायला मिळतात. शिक्षक समोर नसताना, व्हिडिओ थांबवत थांबवत आपणच करून बघायचं, अशी त्यांची रचना आहे.

सागवान

अक्षवृत्त, मुद्दा मान्य. माझ्यापुरता उपाय असा की जुन्या पाचव्या आवृत्तीचा इन्स्टॉलर पेनड्राइव्हवर ठेवलाय. तो जाळ्याशिवाय चालतो, जुन्या मशीनवर चालतो, आणि तो माझ्या हातून कुणी काढून घेऊ शकत नाही. तरी परवान्याचा प्रश्न मोठा आहे, त्याबद्दल खाली सविस्तर लिहीन.

रानजाई

मी नंदुरबार जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. तुमची शाळा वाचताना माझीच शाळा डोळ्यांपुढे आली. आमच्याकडे एक संगणक आहे, पण पावसाळ्यात वीज दोन-दोन दिवस नसते.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. मुलांकडे किंवा पालकांकडे मोबाइल असतीलच ना, मग त्यावर का नाही करत? आणि तिथली मुलं गणित कोणत्या भाषेत शिकतात? आमच्या पोरांची घरची भाषा भिली किंवा पावरी, पुस्तक मराठी, आणि पुढे गेल्यावर सेमी-इंग्रजी. 'परिकेंद्र' (तुमचा तो तिन्ही गावांपासून सारख्या अंतरावरचा बिंदू) शब्द फळ्यावर लिहिला की अर्धा तास त्या शब्दातच जातो.

टिटवी

रानजाई, भाषेबद्दल मी सांगते, मी दार-ए-सलामला राहते.

टांझानियात सरकारी प्राथमिक शाळा स्वाहिलीत चालतात आणि माध्यमिकला पाऊल टाकलं की सगळं एकदम इंग्रजीत. सात वर्षं जो आकार 'पेंबेतातू' होता, तो एका सुट्टीनंतर 'ट्रँगल' होतो. पेंबे म्हणजे कोपरा, तातू म्हणजे तीन. आपल्या 'त्रिकोण'सारखाच, शब्दातच व्याख्या. (केनियातल्या 'मटाटू' गाड्यांच्या नावातही हाच तातू आहे. पूर्वी तीन नाण्यांत प्रवास व्हायचा, असं सांगतात.) चौरस म्हणजे म्राबा, वर्तुळ म्हणजे दुआरा, गणित म्हणजे हिसाबाती. हिसाब शब्द अरबीतून त्यांच्याकडे गेला, आपल्याकडेही आला.

म्हणून मला सॉफ्टवेअर खुलं असण्याचं मोल भाषेत दिसतं. टांगा प्रांतात काही वर्षांपूर्वी मोठा प्रयोग झाला. ग्लोबल लर्निंग एक्सप्राइझ ही स्पर्धा. सुमारे १७० गावांतल्या जवळपास २,७०० मुलांना टॅबलेट दिले, गावात सौरऊर्जेवर चार्जिंगची सोय केली आणि १५ महिने मुलांनी स्वतःच स्वाहिलीतून अक्षरं आणि अंक शिकायचे. त्यांतली बरीच मुलं त्याआधी शाळेत गेलीच नव्हती. २०१९ मध्ये किटकिट स्कूल आणि वनबिलियन यांना बक्षीस विभागून मिळालं. अंतिम फेरीतल्या पाचही संघांनी आपलं काम खुलं करायचं, ही अट आधीपासूनच होती. त्यामुळे दुसऱ्या देशातल्या कुणालाही तेच उचलून आपल्या भाषेत बसवता येतं. भिली किंवा पावरीतही, रानजाई.

सागवान

टिटवी, फार छान माहिती. मटाटूचं मलाही माहीत नव्हतं.

रानजाई, मोबाइलचं उत्तर सोपं आहे : इथल्या निवासी माध्यमिक शाळांत मुलांना फोन जवळ ठेवू देत नाहीत. सत्र चालू असताना तो रस्ता बंदच.

खडूफळा

पस्तीस वर्षं महाविद्यालयात गणित शिकवून निवृत्त झालो. उत्साहाचं कौतुक आहे, पण माझी शंका मांडतो. मुलगी पडदा लहान करत (४, −७) वर पोचली म्हणता. तिने तो बिंदू पाहिला, पण तो तिथेच का, हे तिला कळलं का? त्याचा क्ष-सहनिर्देशक ४, कारण तो अब च्या लंबदुभाजकावर आहे. मग १६ + य² = १ + (य − १)² सोडवलं की य = −७. ही दोन ओळींची आकडेमोड आहे. मुलांनी पडद्यावर विश्वास ठेवायला शिकावं आणि या दोन ओळी विसराव्यात, याची मला काळजी वाटते. आणि परीक्षेत कुठलं सॉफ्टवेअर मिळणार आहे?

दुसरं. वीज नसेल तर तुमचा 'सर्वांत कमी बेरीज' वाला बिंदू लाकडी फळीवर सापडतो. फळीवर तीन गावांच्या जागी भोकं पाडा. तीन दोऱ्या एका गाठीत बांधा, एकेक दोरी एकेका भोकातून खाली सोडा, टोकांना सारखी वजनं लावा. गाठ सोडली की ती आपोआप योग्य जागी जाऊन थांबते, कारण वजनं जास्तीत जास्त खाली जातात तेव्हा फळीवर उरलेली दोरी कमीत कमी असते. याला व्हॅरिन्यॉनची चौकट म्हणतात. त्रिकोणाचे सगळे कोन १२० अंशांहून लहान असतील तर गाठीपाशी तिन्ही दोऱ्या एकमेकींशी १२० अंश करतात. तुमच्या त्रिकोणात क पाशी कोन सुमारे १५० अंशांचा आहे, म्हणून गाठ थेट क च्या भोकात जाऊन अडकेल. हे मुलांना आधी वर्तवायला सांगा, मग गाठ सोडा.

सागवान

सर, या प्रतिसादासाठी मनापासून आभार. फळी या आठवड्यात सुताराकडून करून घेतो.

तुमची शंका रास्त आहे. केसीएसई या इथल्या माध्यमिक शाळेच्या शेवटच्या परीक्षेत रचना आणि बिंदुपथ हातानेच काढावे लागतात. म्हणून क्रम मी आता ठरवून टाकलाय : आधी अंदाज, मग वही, मग पडदा, आणि शेवटी 'का' हे परत वहीत. तुमच्या त्या दोन ओळी मुलांनी पडद्यानंतर सोडवल्या. उत्तर कागदाबाहेर पळालं होतं, म्हणूनच त्यांना समीकरणाची गरज वाटली. त्याआधी समीकरण म्हणजे त्यांच्यासाठी नुसतं पाठांतर होतं.

नीलमोहोर

केपटाउनहून लिहितोय. माझ्या घरापासून समुद्राच्या कडेने गेलं की म्युझेनबर्ग लागतं. तिथे एका जुन्या हॉटेलच्या इमारतीत एम्स, म्हणजे आफ्रिकन इन्स्टिट्यूट फॉर मॅथेमॅटिकल सायन्सेस आहे. नील टुरोक यांनी २००३ मध्ये सुरू केलेली संस्था. आता सेनेगल, घाना, कॅमेरून, रवांडा इथेही केंद्रं आहेत. आफ्रिकेच्या कानाकोपऱ्यातून पदवीधर मुलंमुली येतात, एकत्र राहतात, रात्री उशिरापर्यंत संगणक-खोलीत बसतात. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा, सेज, आणि गणिती मजकूर मांडणारं लाटेक हे तिथलं रोजचं खाणं.

विकतचं गणित-सॉफ्टवेअर तिथेही आणता आलं असतं. पण वर्ष संपल्यावर तो विद्यार्थी मलावीच्या किंवा चाडच्या विद्यापीठात शिकवायला परत जातो, तेव्हा परवाना सोबत नेता येत नाही. सेज नेता येतं. संस्थेतल्या लोकांनी डेबियनवर आधारलेलं एम्स डेस्कटॉप नावाचं स्वतःचं लिनक्सही बांधलं, गणिताची सगळी साधनं आधीच भरलेलं. म्हणजे घरी परतलेल्या माणसाला मंद इंटरनेटवर एकेक वस्तू उतरवत बसायला नको.

पुस्तकांबद्दलही एक सांगतो. इथल्या सियावुला या गटाने गणित-विज्ञानाची शालेय पुस्तकं मुक्त परवान्यावर लिहिली आणि २०१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने दहावी ते बारावीसाठी ती छापून देशभर वाटली. सियावुला म्हणजे 'आम्ही उघडतो आहोत'. छपाईचा खर्च आला, पण हक्कांसाठी कुणाला विचारावं लागलं नाही.

वीज जाण्याबद्दल मात्र इथल्या लोकांनी आणि आपण एकमेकांना काही शिकवायची गरज नाही. शब्दसुद्धा तोच आहे, लोडशेडिंग.

अक्षवृत्त

नीलमोहोर, परवाना सोबत नेता येत नाही, हे वाक्य मी आमच्या कॉलेजच्या विभागप्रमुखांना दाखवणार आहे.

सागवान

आता परवान्याच्या प्रश्नाकडे येतो. माझ्या मते हाच सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे आणि त्याबद्दल कमी लिहिलं जातं.

आफ्रिका आणि सॉफ्टवेअर म्हटलं की चित्र ठरलेलं असतं : बाहेरून कुणीतरी पेटी घेऊन येतो आणि इथले लोक ती वापरतात. पण किसुमूपासून तासाभराच्या आत मसेनो नावाचं गाव आहे. विषुववृत्त तिथून जातं, रस्त्याच्या कडेला तशी खूण आहे. या गावात मी जे पाहिलं ते त्या चित्रात बसत नाही.

मसेनो विद्यापीठात २०११ पासून शाळकरी मुलांसाठी गणित शिबिरं भरू लागली. आफ्रिकन मॅथ्स इनिशिएटिव्ह या केनियन संस्थेने ती पुढे नेली. शिबिरात जिओजेब्रा असतं, संख्याशास्त्र असतं, कोडी असतात, कागदाच्या घड्या असतात. पुढे इथिओपिया, घाना, टांझानियातही अशी शिबिरं झाली.

याच विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या गणिताच्या वर्गाला शेकडो विद्यार्थी असतात. एवढ्या वह्या तपासणार कोण? म्हणून तिथल्या प्राध्यापकांनी स्टॅक वापरायला घेतलं. इंग्लंडमध्ये ख्रिस सँगविन यांनी सुरू केलेली ही मुक्त प्रणाली आहे आणि तिच्या पोटात अक्षवृत्त यांनी सांगितलेलं मॅक्सिमाच बसलेलं आहे. प्रत्येक विद्यार्थ्याला वेगळे आकडे घालून प्रश्न जातो, त्यामुळे शेजारच्याचं उत्तर उतरवून भागत नाही. कुणी २(क्ष + १) लिहिलं आणि कुणी २क्ष + २, तर दोन्ही एकच आहेत हे तिला कळतं. चूक झाली तर कुठे झाली हे लगेच सांगते आणि पुन्हा करायला देते. मला विशेष वाटलं ते पुढचं : तिथल्या शिक्षकांनी प्रश्न स्वतः लिहिले, आपल्या अभ्यासक्रमाचे. विकतच्या बंद पेटीत हे करता आलं नसतं.

आणखी एक उदाहरण माझ्या जिव्हाळ्याचं, कारण माझा धंदा पाण्याचा. आर ही संख्याशास्त्राची मुक्त भाषा आहे, पण त्यात आज्ञा टंकाव्या लागतात आणि नवशिके बिचकतात. २०१५ मध्ये लोकवर्गणी काढून आर-इन्स्टॅट नावाचं सॉफ्टवेअर करायला घेतलं गेलं, ज्यात मेनूवर टिचकी मारून तेच काम होतं. केनियातल्या तरुणांनी त्याचं प्रोग्रॅमिंग केलं. त्यात हवामानाचा खास मेनू आहे. गावच्या पर्जन्यमापकाची तीस-चाळीस वर्षांची नोंद घालायची आणि विचारायचं, पेरणीयोग्य पाऊस साधारण कधी सुरू होतो? तुम्ही नियम सांगायचा, उदाहरणार्थ तीन दिवसांत २० मिलिमीटर, आणि ते प्रत्येक वर्षाची तारीख काढून देतं. मराठवाड्यातल्या माणसाला या प्रश्नाचं मोल वेगळं सांगायला नको.

रानजाई, तुमच्या शाळेसाठी ठोस काही सुचवायचं तर कोलिब्री बघा. २०१२ मध्ये खान अकादमीचे धडे इंटरनेटशिवाय पोचवायला निघालेल्या केए लाइटचं हे पुढचं रूप. रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकावर भरून ठेवायचं. तोच वायफाय पसरवतो आणि वर्गातले दोन-चार टॅबलेट त्याला जोडतात. वीज इतकी कमी लागते की छोट्या सौर पॅनेल आणि बॅटरीवर दिवस निघतो, हे मी धंद्याच्या अनुभवाने सांगतो. केनियातल्या काकुमा निर्वासित छावणीतल्या शाळांत ते वापरलं गेलंय. आणि त्यात स्वाहिलीही आहे, मराठीही.

रानजाई

कोलिब्री उतरवून घेतलं, मराठी पाट्या दिसल्यावर मुलं हरखली. पण आज लिहितेय ते खडूफळा सरांच्या फळीबद्दल.

फळी नव्हती, म्हणून शाळेच्या पाटाला भोकं पाडली. वजनं म्हणून सारख्या आकाराच्या तीन प्लास्टिकच्या बाटल्या, पाण्याने सारख्या भरलेल्या. आधी अंदाज लिहून घेतले. तेवीस मुलांपैकी एकोणीस जणांनी 'मध्ये कुठेतरी' म्हटलं. गाठ सोडली, ती सरकत क च्या भोकाला जाऊन टेकली. आमची एक मुलगी म्हणाली, बाई, क वाल्यांचं नशीब. मग तिने स्वतःच क ला (३, १) वरून उचलून (३, ६) वर नेलं आणि विचारलं, आता? आता गाठ मधोमध लोंबकळत राहिली. कोनमापकाने मोजलं : ११८, १२१, १२१. दोरी जाड असल्यामुळे थोडा फरक.

'परिकेंद्र' शब्दावर या वेळी अर्धा तास गेला नाही. तिन्ही गावांपासून सारख्या अंतरावरच्या जागेला मुलांनी पावरीत स्वतःचं नाव ठेवलं, आणि मग मी सांगितलं की पुस्तकात याला परिकेंद्र म्हणतात.

खडूफळा

रानजाई, ११८, १२१, १२१ हे आकडे वाचून फार समाधान वाटलं. बेरीज ३६० आली हे मुलांनी पाहिलं असेलच.

सागवान

किसुमूची बातमी. फळी तयार झाली आणि शनिवारी वीजही गेली, त्यामुळे सगळं फळीवरच केलं. रानजाईंच्या मुलीचा (३, ६) चा प्रयोग इथे सांगितला. भारतातल्या एका मुलीने हे केलंय म्हटल्यावर प्रत्येकाला गाठ सोडून बघायची होती.

त्यातून एक नवा प्रश्न आला. चौथं गाव ड, (४, −६) वर. चौघांचं मिळून चालणं सर्वांत कमी कुठे? वीज आल्यावर एका मुलाने बिंदू ओढून बघितला तर तो सुमारे (३.१४, ०) पाशी थांबतो. ३.१४ दिसल्यावर वर्गात पायची (π) चर्चा सुरू झाली आहे. मी मुद्दाम काही बोललो नाही. रानजाई, तुमच्या मुलांना विचाराल का?

रानजाई

विचारलं. दोन दिवस लागले. पाटाला चौथं भोक पाडलं, चौथी बाटली लावली.

उत्तर सातवीतल्या एका मुलाने दिलं, दोऱ्या बघून. म्हणाला, समोरासमोरच्या दोऱ्या सरळ झाल्यात. अ पासून ब पर्यंत एक सरळ रेघ, क पासून ड पर्यंत दुसरी. माणूस अ हून ब ला मधल्या कुठल्याही जागेवरून गेला तरी सरळ रस्त्यापेक्षा कमी चालणं होणारच नाही. क आणि ड चंही तसंच. मग दोन्ही रस्ते जिथे एकमेकांना कापतात तिथेच खणायचं. वहीत काढलं तर तो बिंदू ३ पूर्णांक १/७ वर येतो, म्हणजे २२/७. तुमच्या मुलांना सांगा, तो पाय नाही, पण त्यांना तसं का वाटलं हे आमच्या मुलांना लगेच कळलं.